कुणाचं तोंड किती येणार, हे रेडिएशनआधी सांगता येतं का?

प्रश्न: माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. जिभेच्या डाव्या कडेचा कॅन्सर. महिन्याभरापूर्वी ऑपरेशन झालं, जिभेचा काढलेला भाग हाताच्या कातडीने भरला. आता रेडिएशनचे ३० लाईट आणि सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध सांगितलंय. शुगर आहे. तंबाखू ऑपरेशनपर्यंत चालू होती. आधी वजन ६६ किलो होतं, आता ६० आहे. हॉस्पिटलच्या वेटिंगमध्ये एक काका भेटले, त्यांना तिसऱ्या आठवड्यात नाकातून नळी घालावी लागली. दुसरे एक पंचविसाव्या लाईटलाही वरणभात खात होते. बाबांचं कसं होईल हे आधी सांगता येतं का? एकाने जीन टेस्ट सुचवली आहे, ती करावी का? मी हिंजवडीत आयटीत काम करतो, तर असा अंदाज सांगणारं एखादं कॉम्प्युटर मॉडेल आहे का तेही जाणून घ्यायचंय. आणि नळी आधीच घालून घेतलेली बरी का?

उत्तर:

मी पुण्यात बावीस वर्षं तोंडा-घशाच्या कॅन्सरच्या पेशंटना रेडिएशन देते आहे. हा प्रश्न ओपीडीत मला जवळजवळ रोज ऐकू येतो. बहुतेक वेळा पेशंट बाहेर गेल्यावर, मागे रेंगाळलेला मुलगा किंवा सून दार लोटून घेऊन हळूच विचारते. म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

बाबांचं तोंड येणार, हे धरूनच चाला. किती येणार, याचा अंदाज बांधता येतो. पण तो एकदा बांधून फाईलला लावून ठेवायचा नसतो, तीनदा बांधायचा असतो: पहिल्या भेटीत, प्लॅनिंग झाल्यावर आणि दहाव्या लाईटच्या आसपास. माझ्या अनुभवात तिसरा अंदाज सगळ्यांत खरा निघतो, आणि नेमका तोच घ्यायचा राहून जातो.

आधी हे होतं कसं ते बघू, म्हणजे पुढचं पटेल. तोंडाच्या आतलं अस्तर सतत झिजत आणि सतत नव्याने येत असतं. गरम चहा, भाकरीची कड, दातांची घासाघीस, यात वरच्या पेशी रोज गळतात आणि तळाच्या थरातल्या पेशी विभागून त्यांची जागा भरून काढतात. साधारण एक ते दोन आठवड्यांत सगळं अस्तर नवं होतं. रेडिएशन मोडतं ती या तळाच्या पेशींची विभागण्याची ताकद. वरचा साठा तेवढा शिल्लक असतो, त्यामुळे पहिला आठवडा बरा जातो. तोंड थोडं कोरडं, चव थोडी बिघडलेली, एवढंच. घरचे म्हणतात, "बघा, आमच्या बाबांना काहीच झालं नाही." दुसऱ्या आठवड्यात साठा संपत येतो, खालून नवा माल येत नाही आणि अस्तर पातळ, लाल व्हायला लागतं. तिसऱ्यात पांढरट पापुद्रे धरलेल्या जखमा दिसतात. चौथ्या-पाचव्यात त्या एकमेकींना मिळतात. शेवटचा लाईट झाल्यावरही पुढचा आठवडा-दोन आठवडे त्रास तसाच राहतो, मग ओसरतो. बहुतेकांचं तोंड लाईट संपल्यावर चार-सहा आठवड्यांत भरून येतं.

फक्त पेशी मरतात एवढ्यावर हे थांबत नाही. मार खाल्लेल्या पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात, त्याने सूज वाढते, सूज आणखी संदेश सोडते, आणि अस्तर फाटलं की तोंडातले जंतू त्या जखमेत शिरून आगीत तेल ओततात. स्टीफन सोनिस या दंतवैद्यकातल्या संशोधकाने या सगळ्याचे पाच टप्पे मांडले, आज आम्ही सगळे त्याच चौकटीत विचार करतो. तुमच्यासाठी त्यातली कामाची गोष्ट ही: डोळ्यांना जखम दिसते तेव्हा आतला प्रकार दहा-बारा दिवस आधीच सुरू झालेला असतो. म्हणून आधी ओळखण्याला किंमत आहे.

आता आकडे. २००३ साली ३३ अभ्यासांतल्या ६,१८१ पेशंटची माहिती एकत्र करून बघितली गेली. त्यात सुमारे ८० टक्के लोकांना कमीजास्त तोंड आलं होतं. रोज एक याप्रमाणे नेहमीच्या पद्धतीने लाईट घेतलेल्यांत ३४ टक्क्यांना तीव्र त्रास झाला, आणि लाईटचं वेळापत्रक बदलून दिलेल्यांत ५६ टक्क्यांना. ११ टक्के लोकांचे लाईट तोंडापायी मध्ये थांबवावे किंवा बदलावे लागले. त्याच वर्षी डेन्मार्कमधला एक मोठा अभ्यास छापून आला. एकूण डोस तोच ठेवून आठवड्याला पाचऐवजी सहा लाईट दिले, तर सलग पसरलेल्या जखमा ३३ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर गेल्या. आठवड्याला एकच लाईट जास्त! म्हणजे अस्तराला एकूण किती डोस मिळाला याच्याइतकंच तो किती वेगाने मिळाला हेही महत्त्वाचं. रोज २ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), आठवड्याला १० ग्रे, हा वेग त्याला कसाबसा झेपतो.

सोबतचं औषधही तेवढंच मोठं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये, ज्यांना सिस्प्लॅटिन देता येत नाही अशा पेशंटना लाईटसोबत दर आठवड्याला थोडं डोसेटॅक्सेल देऊन बघितलं. जगण्याचं प्रमाण वाढलं, त्यामुळे ते औषध आज आम्ही वापरतो. पण तीव्र तोंड येण्याचं प्रमाण २२.२ टक्क्यांवरून ४९.७ टक्क्यांवर गेलं. लाईट तेच, तोंडं त्याच देशातली, फरक फक्त औषधाचा.

आता तुमच्या बाबांकडे येऊ. पहिल्या भेटीतला अंदाज म्हणजे फाईल, तोंड आणि घर यांच्याकडे बघून केलेला. कॅन्सर तोंडातलाच, म्हणजे लाईटचा मारा थेट अस्तरावर. स्वरयंत्राच्या लहान गाठीला लाईट देताना तोंड बरंचसं वाचतं, इथे वाचणार नाही. सोबत सिस्प्लॅटिन आहे. शुगर आहे. आणि वजन ६६ वरून ६० झालं आहे. सहा किलो म्हणजे नऊ टक्के, तेही लाईट सुरू होण्याआधी. तुम्ही लिहिलेल्या सगळ्यात मला सगळ्यांत जास्त खटकलेली गोष्ट ही आहे. खंगलेल्या शरीराकडे अस्तर पुन्हा बांधायला सामान नसतं. बाबांना मी "जास्त जोखीम" या रकान्यातच टाकीन.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूची आहे, आणि ती फारसं कुणी सांगत नाही. हाताची जी कातडी जिभेच्या जागी बसवली, ती कातडीच राहते, तिचं अस्तर होत नाही. तोंडाच्या अस्तरासारखी ती लाईटमध्ये सोलून निघत नाही. कित्येकदा चौथ्या आठवड्यात मी बॅटरीच्या उजेडात बघते, तर आजूबाजूचं सगळं लाल, वर पांढरे पापुद्रे, आणि मध्ये तो फ्लॅपचा, म्हणजे बसवलेल्या कातडीचा, तुकडा फिकट गुलाबी, शांत. एखाद्याच्या फ्लॅपवर हाताचे केसही असतात, ते तेवढे गळून जातात. म्हणजे बाबांच्या तोंडातलं दुखू शकणारं क्षेत्र थोडं कमी झालंय. जखमा शोधायच्या त्या उरलेल्या जिभेवर, जिभेखाली आणि गालाच्या आतल्या बाजूला.

दुसरा अंदाज प्लॅनिंगनंतरचा. जाळीचा मास्क बनवून सीटी स्कॅन होतो, मग फिजिसिस्ट आणि डॉक्टर मिळून कुठल्या भागाला किती डोस जाईल याचा नकाशा बनवतात. त्या नकाशात तोंडाच्या पोकळीचा सरासरी डोस लिहिलेला असतो, आणि किती भागाला ३० ग्रेच्या वर जातंय तेही दिसतं. तोंड किती येईल हे सांगणाऱ्या सगळ्या गोष्टींत ही सगळ्यांत भरवशाची आहे, कारण हे मोजलेलं असतं, आठवणीवर किंवा सांगण्यावर अवलंबून नसतं. तुम्ही डॉक्टरांना बिनधास्त विचारा, "बाबांच्या तोंडाच्या कॅन्सर नसलेल्या बाजूला किती डोस जातोय? आणखी कमी होईल का?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. ऑपरेशन एका बाजूचं असेल तर दुसरा गाल, टाळू, ओठ वाचवायला बऱ्याचदा जागा असते. मास्क बनवताना तोंडात एक ठोकळा धरायला दिला तर टाळू जिभेपासून लांब जाते आणि वाचते. हे मास्कच्या आधी ठरवावं लागतं, नंतर नाही.

याच टप्प्यावर दातांवरच्या धातूच्या टोप्या बघायच्या. एका पेशंटच्या खालच्या दाढेवर जुनी धातूची टोपी होती. मी ती पाहिली होती, नोंदही केली होती, पण पुढे काही केलं नाही. तिसऱ्या आठवड्यात जिभेच्या कडेवर एक जखम उमटली. लांबट, धारदार कडांची, बरोबर टोपीच्या समोर. त्याने जीभ बाहेर काढून परत आत घेतली, तर जखम आणि टोपी कुलूपकिल्लीसारखी जुळत होती. धातूवरून किरण उलटे फिरतात आणि अगदी जवळच्या काही मिलिमीटरमध्ये डोस वाढतो. मध्ये दोन-तीन मिलिमीटरचं अंतर ठेवलं, दातावर मऊ गार्ड घातलं, तरी पुष्कळ फरक पडतो. तेव्हापासून प्रत्येक पेशंटला मी आ करायला लावते आणि धातू मोजते. कवळी असेल तर ती काढायला सांगते. कवळीखालची लाली कुणाला दिसत नाही.

दातांचं काम आधीच संपवा. किडलेले, हलणारे दात लाईटच्या आधी काढायचे आणि हिरडी भरून यायला निदान दोन आठवडे हवेत. दुसरीकडे ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत लाईट सुरू व्हावेत असा आमचा आग्रह असतो. तुमच्याकडे महिना संपलाय. म्हणजे डेंटिस्टची वेळ उद्याची घ्या, पुढच्या आठवड्याची नको.

आता तिसरा अंदाज. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण यात माझी स्वतःची चूक आहे.

काही वर्षांपूर्वी चाकणकडचा एक तरुण माझ्याकडे होता, पस्तिशीतला, कंपनीत काम करणारा, दणकट. वजन भरपूर, शुगर नाही, दात स्वच्छ, तंबाखू दोन वर्षांपूर्वी सुटलेली. मी त्याच्या बायकोला सांगितलं, "याला फार त्रास होणार नाही." तिने ते मनावर घेतलं, त्यानेही घेतलं. दुसऱ्या आठवड्यात त्याचं गिळणं दुखायला लागलं, पण डॉक्टरांनी तर होणार नाही असं सांगितलंय, मग आपणच नाजूकपणा करतोय असं त्याला वाटलं. तो बोललाच नाही. आठवड्याच्या तपासणीत "कसं आहे?" विचारलं की मान हलवून "ठीक" म्हणायचा. चौदाव्या लाईटला वजन काट्यावर घेतलं, पाच किलो कमी. किडनीवरचा ताण दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं. त्या आठवड्याचं सिस्प्लॅटिन हुकलं, सलाईन लावावं लागलं, दोन लाईट चुकले. त्याला त्रास झाला यापेक्षा माझ्या शब्दाने त्याचं तोंड बंद केलं, हे मला जास्त लागलं. त्यानंतर "तुम्हाला त्रास होणार नाही" हे वाक्य मी कुणालाही म्हटलेलं नाही.

यातला किडनीचा भाग समजून घ्या, कारण सगळे तोंडाकडे बघतात आणि हे निसटतं. सिस्प्लॅटिन किडनीवर ताण टाकतं आणि तो पाण्याने धुऊन काढावा लागतो. तोंड दुखतं म्हणून पेशंट पाणी कमी पितो, पाणी कमी म्हणून किडनीवर मार बसतो, किडनी बिघडली म्हणून पुढचं औषध थांबतं. आणि लाईटमध्ये खंड पडला की उरलेल्या कॅन्सरपेशी त्या मोकळ्या दिवसांत वाढतात. जास्तीच्या प्रत्येक दिवसामागे आजार ताब्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्याच्या आसपास घटते असा जुन्या अभ्यासांचा हिशोब आहे. म्हणून आम्ही पालखीच्या दिवसांत, विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतील हे आधी बघून पेशंटच्या वेळा हलवतो. तोंडामुळे पडलेला खंड आणि रस्त्यामुळे पडलेला खंड, कॅन्सरला दोन्ही सारखेच.

तर आठवा ते दहावा लाईट या काळात मी काय बघते? आधी वजन, त्याच काट्यावर, चप्पल काढून. मग बॅटरी आणि दोन लाकडी पट्ट्या. एका पट्टीने जीभ बाजूला, दुसरीने गाल बाहेर. जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा, गालाचं आतलं अस्तर आणि मऊ टाळू. या जागा आधी बोलतात. जिभेची पाठ आणि कडक टाळू यांचं अस्तर जाड असतं, ते उशिरा बोलतात. पेशंट आ करतो तेव्हा नेमक्या याच जागा दिसतात आणि घरचे म्हणतात, "तोंड तर स्वच्छ आहे." मग मी विचारते, "काल रात्री काय जेवलात? किती वेळ लागला?" परवापर्यंत पोळी होती, काल आमटीत कुस्करून खाल्ली, आज फक्त पेज. ही उतरण मला कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त सांगते. ज्याला दहाव्या लाईटलाच ठिपक्या-ठिपक्यांच्या जखमा आहेत, वजन दीड-दोन किलो उतरलंय आणि जेवायला पाऊण तास लागतोय, त्याचा चौथा आठवडा कठीण जाणार, हे मी बरंचसं खात्रीने सांगू शकते.

आता मॉडेलचा प्रश्न. हो, जगभरात बनवली आहेत. डोसच्या नकाशावरून धोका काढणारी गणितं जुनी आहेत. अलीकडे मशीन लर्निंगची भर पडली, स्कॅनमधल्या प्रतिमांवरून, रक्ताच्या तपासण्यांवरून, पेशंटने रोज मोबाईलवर भरलेल्या त्रासाच्या नोंदींवरून अंदाज काढण्याचे प्रयोग चालू आहेत. काम चांगलं आहे, व्हायला हवं. पण तुम्ही आयटीतले आहात, तेव्हा अडचण कुठे येते ते तुम्हाला लगेच कळेल.

पहिली अडचण उत्तराच्या रकान्याचीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत घन अन्न खाता येत असेल तर दुसरी पायरी, फक्त पातळ पदार्थ जात असतील तर तिसरी, तोंडाने काहीच जात नसेल तर चौथी. दुसऱ्या एका प्रचलित मोजपट्टीत दुखणं आणि खाण्यातला अडथळा यांवर पायरी ठरते. तोच पेशंट एका पट्टीवर दुसऱ्या पायरीवर, दुसऱ्या पट्टीवर तिसऱ्या. आणि ज्याला नळी आधीच घातली आहे त्याला "तोंडाने खाता येतं का" विचारून काय मोजायचं? गर्दीच्या ओपीडीत घाईत लिहिलेली "दुसरी पायरी" मॉडेलला सत्य म्हणून शिकवली जाते.

दुसरी अडचण आपल्या माणसांची. जुन्नरकडच्या एका आजी होत्या. फॉर्ममध्ये तंबाखू: नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या खालच्या हिरडीलगत एक जळजळीत पट्टा उठला, जिथे डोस तर फारसा नव्हता. दोन दिवस मी नकाशा उलटसुलट बघत होते. मग सुनेने सांगितलं, आजी रोज सकाळी मिश्री लावतात. आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ती कुठं तंबाखू? दात घासायची हाय ती." कनवटीची डबी त्यांनी काढून दाखवली. त्या खोटं बोलल्या नव्हत्या, प्रश्नच चुकीचा होता. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी, मावा, चुना लावून मळलेली तंबाखू आणि मिश्री घराघरात आहे. सुपारीने गाल आतून कडक होऊन तोंड दोन बोटंही उघडत नाही, असे पेशंट आमच्याकडे रोज येतात. युरोपात विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कॅन्सरच्या पेशंटवर शिकलेल्या मॉडेलने हे तोंड पाहिलेलंच नसतं. ते चुकीचं नसतं, अनोळखी असतं. इथे वापरण्याआधी इथल्या पेशंटवर तपासून घ्यावं लागतं.

तिसरी गोष्ट, समजा चांगलं मॉडेल मिळालं. नुसतं उदाहरण घेऊ. १०० पेशंटपैकी ४० जणांना तीव्र त्रास होणार आहे. मॉडेलने त्यातले २८ ओळखले आणि उरलेल्या ६० पैकी १८ जणांना उगाच इशारा दिला. कागदावर हे मॉडेल बरं आहे. पण १२ जण त्याच्या नजरेतून सुटले, आणि त्या बारांना "कमी जोखीम" म्हणून दुर्लक्षित केलं तर ते सगळे माझ्या चाकणच्या पेशंटसारखे होतील. म्हणून मॉडेलने कुणावर जास्त लक्ष द्यायचं ते सांगावं, कुणावर कमी द्यायचं ते सांगू नये. तुम्हाला खरंच या कामात हातभार लावायचा असेल तर सुरुवातीच्या एका आकड्यावर अडकू नका. वजन, जेवणाचा वेळ आणि दुखणं रोज टिपून दहाव्या लाईटला अंदाज बदलणारं साधन बनवा, मराठीत, बोलून भरता येईल असं.

जीन टेस्ट करू नका. निदान यासाठी नको. काही अत्यंत दुर्मीळ आनुवंशिक आजारांत रेडिएशन अजिबात सहन होत नाही हे खरं, पण त्यांची लक्षणं सहसा लहानपणापासून दिसतात. ५-एफयू नावाचं औषध द्यायचं असेल तर ते शरीरात मोडणारं एन्झाइम कमी आहे का हे बघण्याची जीन तपासणी उपयोगाची आहे. बाबांना ते औषध नाही. सिस्प्लॅटिनसोबतच्या लाईटमध्ये तोंड किती येईल हे सांगून उपचार बदलायला लावेल अशी जीन टेस्ट आज नाही. ते पैसे दूध, अंडी आणि डेंटिस्ट यांच्यावर घाला.

मग जास्त जोखीम आहे हे कळून करायचं काय? रोजच्या गुळण्या पहिल्या लाईटपासून, दुखायला लागल्यावर नाही. एक पेला कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा, दिवसातून सहा-आठ वेळा. मऊ ब्रश. बेन्झिडामाइनच्या गुळण्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहेत, डॉक्टरांना विचारून सुरू करा. रेडिएशनच्या दिवसांत लाल प्रकाशाचा लेसर तोंडात आतून देतात, त्याने त्रास कमी होतो याचा पुरावा चांगला आहे. तुमच्या केंद्रात किंवा त्यांच्या ओळखीच्या दंत विभागात सोय आहे का, जरूर विचारा. मधाचीही शिफारस आहे, पण बाबांना शुगर आहे आणि दातांचाही प्रश्न आहे, म्हणून मी त्यांना देणार नाही. तुरटी आणि लवंगतेल आलेल्या तोंडाला लावू नका. बाटलीतले झोंबणारे, अल्कोहोलवाले माउथवॉशही नकोत. साखर ताब्यात ठेवा, पण खाणं तोडून नव्हे, औषध वाढवून. तोंडात दह्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी असू शकते. तिला वेगळं औषध आहे, आणि ते दिलं की दोन-तीन दिवसांत फरक पडतो.

दुखण्याचं औषध जेवणाआधी अर्धा-पाऊण तास द्या, जेवणानंतर नाही. पॅरासिटामॉलने भागेना तर ट्रामाडॉल, तेही पुरेना तर मॉर्फिन. मॉर्फिनचं नाव ऐकून घरचे दचकतात, त्यांना वाटतं आता शेवट आला. तसं नाही. इथे ते काही आठवड्यांचं औषध आहे, पेशंटला गिळता यावं म्हणून, आणि तोंड भरलं की हळूहळू बंद होतं. सोबत पोट साफ होण्याचं औषध मात्र लागतंच.

नळी आधीच घालावी का? सरसकट नाही. गिळण्याचे स्नायू वापरात राहिले तर लाईट संपल्यावर गिळणं लवकर परत येतं. नळी असली की माणूस तोंडाने खाणं सोडून देतो. पण बाबांचं नऊ टक्के वजन आधीच गेलंय, म्हणून त्यांच्या बाबतीत मी आधीच एक रेघ आखून ठेवीन आणि ती त्यांना, तुम्हाला, आहारतज्ज्ञांना सगळ्यांना सांगीन. वजन ५७ च्या खाली आलं, किंवा सलग दोन दिवस दिवसाचं ठरलेलं निम्मंही पोटात गेलं नाही, तर नळी, त्यावर पुन्हा चर्चा नाही. ठरलेलं म्हणजे त्यांच्या वजनाला साधारण १,८०० कॅलरी आणि ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं. आधी ठरलेलं असलं की त्या दिवशी कुणाला हरल्यासारखं वाटत नाही, आणि बाबाही वाट बघून खंगत नाहीत. पाण्याचा घोट जाईना, लघवी कमी झाली, १००.४ च्या वर ताप आला किंवा तोंडातून रक्त आलं तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका, त्याच दिवशी या.

आणि आईंना सांगा, ठेचा आणि लोणचं पहिल्या आठवड्यातच बंद करायची गरज नाही. बाबांना जोवर झोंबत नाही तोवर चवीपुरतं खाऊ द्या, कारण दुसऱ्या आठवड्यात चव जाणारच आहे. त्यानंतर मुगाचं पातळ वरण घालून मऊ भात, नाचणीची पेज, दुधात भिजवून पूर्ण विरघळलेली पोळी, नीट शिजवलेल्या अंड्याचा मऊ लगदा, वर साजूक तूप. सगळं कोमट, दिवसातून सहा-सात वेळा, वाटी-वाटीने. एका वहीत रोज सकाळचं वजन आणि जेवायला लागलेली मिनिटं लिहा. दहाव्या लाईटच्या दिवशी ती वही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.